जबड्यातलं हाड मेलं तेव्हा

दात काढायला खुर्चीत बसले तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट विचारलं होतं. बीपी आहे का, शुगर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का. मी सांगितलं, बीपीची एक गोळी सकाळी, बाकी देवाच्या कृपेनं काही नाही. ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गोळी एकच चालू होती.

सलाईनचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमच्याकडं सलाईन दोन प्रकारचं असतं. एक आजारी माणसाला लावतात ते, आणि दुसरं ताकदीचं. ताप जाऊन आठवडा झाला तरी अंगात त्राण नसलं की माणूस दवाखान्यात जातो आणि 'डॉक्टर, एक ताकदीचं लावा की' म्हणतो. लग्नकार्याची दगदग झाली की आमच्या गल्लीतल्या बायका ताकदीचं लावून घेतात. मला हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईन लागायचं, ते आमच्या घरात ह्या दुसऱ्या प्रकारात जाऊन बसलं होतं. हाडांना ताकद यावी म्हणून घ्यायचं, दूध-खारकेसारखं. आता दूध-खारीक खाते असं दातांच्या डॉक्टरला कोण सांगत बसतं?

त्या एका 'ताकदीच्या' शब्दापायी पुढं काय झालं ते सांगायला मी हे लिहितेय. लिहिण्याची मला सवय नाही, बोलण्याची भरपूर आहे. नवी पेठेच्या एका बोळात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, दोऱ्यांच्या रिळांचं एक कपाट आणि मी. साडी दहा मिनिटांत होते, पण बाई अर्धा तास बसते. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाच्या पोरीचं जमलं का, सगळं माझ्याकडं जमा. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून दुकानात येऊन खुर्चीवर बसतात. नव्या गिऱ्हाइकांना ते मालक वाटतात. मीही वाटू देते.

सर्व्हिसिंग

काही वर्षांपूर्वी दुकानाच्या पायरीवरून पाय निसटला आणि मी हातावर पडले. पडले ते काही फार उंचावरून नाही, पण मनगट मोडलं. वर पाठ दुखायची राहीना म्हणून एक्स-रे काढला तर एक मणकाही दबलेला निघाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाडं पार ठिसूळ झालीत, आता पडलात तर खुबा जाईल. त्यांनी वर्षातून एकदा सलाईन सुरू केलं.

ह्यांनी ते मनावर घेतलं. हे गाड्यांच्या दुनियेतले, त्यामुळं ह्यांच्या लेखी ते माझं सर्व्हिसिंग. तारीख जवळ आली की आठ दिवस आधीपासून आठवण करायचे, सकाळी लवकर नंबर लावायला जायचे, सलाईन चढेपर्यंत शेजारी स्टुलावर बसून थेंब बघत राहायचे. दुधनीला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, कलाला, फोन करून सांगायचे, तुमच्या अक्काचं ताकदीचं झालं बरं का. आणि खोटं कशाला बोलू, गुण आला होता. पाठ थांबली होती. पुन्हा एकदा चांगली आपटले होते तरी काही मोडलं नव्हतं.

मग खालची एक दाढ ठणकायला लागली, आणि मी त्या खुर्चीत जाऊन बसले.

खड्डा भरेना

दाढ काढल्यावर हिरडी आठ-पंधरा दिवसांत भरून येते. माझी येईना. आधी मी दुर्लक्ष केलं. मग लवंगाचं तेल झालं, हळद झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या. शेजारच्या दुकानातल्या एकीनं मिश्री दाबून धरायला सांगितली. मिश्री मी लहानपणी आईचं बघून लावायचे, लग्नानंतर सोडली, तेवढं मात्र केलं नाही.

तोंडाला वास यायला लागला. मी बोलताना पदर तोंडावर घ्यायला लागले, आणि माझ्यासारखी बाई पदर तोंडावर घेऊन बोलतेय म्हणल्यावर गिऱ्हाइकं काळजीनं बघायला लागली. एक दिवस जिभेला त्या खड्ड्यात काहीतरी टोकदार लागलं. मला वाटलं, बाईंनी दाढेचा तुकडा आतच ठेवलाय. तशीच रागानं त्यांच्याकडं गेले आणि बसल्या बसल्या चार शब्द सुनावले. त्या बिचाऱ्यांनी मला तोंड उघडायला लावलं. आत बघितलं, परत बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, मावशी, हा दात नाही, हे हाड आहे. उघडं पडलंय. तुम्ही जबड्याच्या सर्जनला दाखवा, उद्याच दाखवा.

घरी येईपर्यंत मी मनानं मेले होते. सोलापुरात तोंडात न भरणारी जखम म्हणल्यावर दुसरं काय मनात येतं? आमच्या ओळखीत निम्म्या घरांत तंबाखूनं कुणी ना कुणी गेलंय. मला लहानपणची ती मिश्री आठवली आणि मी आईलासुद्धा मनातल्या मनात बोल लावला. ह्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणाले, काही नाही, उद्या एका ठिकाणी जायचंय.  ह्यांनी चहा केला, तो दोघांनीही तसाच ठेवला.

निदान

जबड्याचे सर्जन शांत गृहस्थ होते. एका मशीनमध्ये मला उभं केलं, ते मशीन डोक्याभोवती गरागरा फिरलं आणि माझ्या जबड्याचा फोटो पडद्यावर आला. डॉक्टर तो बघता बघता प्रश्न विचारत होते. मी माझी बीपीची गोळी सांगितली. मग त्यांनी विचारलं, हाडं ठिसूळ म्हणून कधी सलाईन, इंजेक्शन असं काही घेतलंय का, वर्षातून एकदा, सहा महिन्यांतून एकदा?

मी नाही म्हणणारच होते. हे मध्येच म्हणाले, "ते ताकदीचं व्हय? ते घेतो की. आजवर एकबी चुकवलं न्हाय."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली आणि आमच्याकडं बघितलं. म्हणाले, "काका, ते ताकदीचं नाही. औषध आहे ते, आणि मोठं औषध आहे." मग माझ्याकडं वळले. "बाई, हा कॅन्सर दिसत नाही. खात्रीसाठी आपण तपासू. पण जबड्याचं थोडं हाड मेलंय."

मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. कॅन्सर नाही म्हणल्यावर मी तिथंच रडायला लागले आणि रडता रडता हसायला लागले. दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचायला मला बराच वेळ लागला. माणूस जिवंत आणि हाड मेलं, हे काय असतं? कुत्र्याला हाकलताना आपण 'हाड' म्हणतो, तेवढाच माझा त्या शब्दाशी रोजचा संबंध.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत समजून घेतलं. शरीर हाडाची जुनी शिलाई सारखी उसवत असतं आणि नवी घालत असतं. म्हातारपणी उसवणं जास्त होतं आणि शिवणं कमी, म्हणून हाड विरतं. हे औषध उसवणं थांबवतं. पण दात उपटला की तिथं उसवून नव्यानं शिवायची घाई असते. माझ्या जबड्याला उसवायचीच मनाई होती. त्यामुळं तिथलं हाड तसंच राहिलं, त्याचं पोषण तुटलं, जंतू बसले आणि ते मेलं. डॉक्टर सारखं 'असं होऊ शकतं' म्हणत होते. म्हणाले, सलाईन घेणाऱ्या फार थोड्यांना हे होतं, आणि त्यातल्या पुष्कळांना दात काढल्यावर होतं. तुमच्या बाबतीत नक्की कशानं किती, ते कुणी सांगू शकणार नाही.

मी विचारलं, मग आता काय? ते म्हणाले, आधी जखम स्वच्छ ठेवायची, जंतू मारायचे आणि वाट बघायची. मेलेला भाग जिवंत हाडापासून आपोआप सुटा होतो कधीकधी. पसरला मात्र, तर जबडा कमजोर होऊन मोडू शकतो. मग तेवढा जबडा कापावा लागेल आणि धातूची पट्टी बसवावी लागेल.

तो दिवस मला असा लक्षात आहे की सकाळी मी जीव वाचावा म्हणून देवाला हात जोडत होते आणि संध्याकाळी हनुवटी वाचावी म्हणून. माणसाचं समाधान किती लवकर संपतं बघा.

बॅटरी आणि माडगं

त्यानंतर आमच्या घरात रोज सकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. मी खिडकीत बसायची, तोंड उघडायची, आणि हे मोबाईलची बॅटरी लावून आत बघायचे. दुकानात बसून राहणारा माणूस, पण ह्या कामात ह्यांचा हात कुणी धरला नसता. गाडीखाली झोपून चासी तपासावी तसे मान वाकडी करून बघायचे आणि रिपोर्ट द्यायचे. हिरडी आज लाल हाय. आज पू कमी हाय. हाड तेवढंच दिसतंय, पांढरं, गव्हाएवढं. मी म्हणायची, गाडी भंगारात काढायची का ते सांगा. ह्यांना तो विनोद कधी आवडला नाही.

खाणं बंद झालं होतं. ज्वारीची कडक भाकरी नि शेंगाची चटणी ह्यांच्यावर वाढलेला माझा पिंड, आणि आता सगळं मिक्सरमधून. ह्यांनी आयुष्यात चहापलीकडं काही केलं नव्हतं, ते कलाकडून फोनवर विचारून हुलग्याचं माडगं करायला शिकले. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मीठ राहिलं. पुढं मात्र असं पातळ, लसूण घातलेलं माडगं जमलं की मी ते आजारपण गेल्यावरही मागून घेते.

सगळ्यात वाईट काय होतं, तर आरसा. रात्री दात घासताना मी हनुवटीला हात लावून बघायची. इथून इथपर्यंत कापतील, असं स्वतःशीच मोजायची. माझं रूप काही फार होतं अशातला भाग नाही, पण माझं दुकान तोंडावर चालतं. वाकडं तोंड घेऊन, अर्धे शब्द गिळत मी त्या बोळात कशी बसणार? मला मरणाची भीती कमी आणि ह्याची जास्त वाटत होती. हे कुणाला सांगायची लाज वाटायची. आता सांगते.

एकीचं तोंड उघडेना, एकीचं मिटेना

मध्यंतरी गाल सुजला, हनुवटीखाली फोड आला आणि फुटला. ताप भरला. दवाखान्यात दाखल केलं आणि शिरेतून औषधं सुरू झाली.

वॉर्डाचा दिवस लवकर उजाडतो. फरशी पुसायला आलेल्या मावशी बादली आपटतात तो गजर. मग ताप बघणं, सुई, गुळण्या, डॉक्टरांची फेरी, आणि मग काही नाही. दुपार इतकी लांब असते की भिंतीवरच्या पालीची ओळख होते.

शेजारच्या खाटेवर रशीदाबी होत्या. सुपारी खाऊन खाऊन त्यांचं तोंड उघडेनासं झालं होतं, जेमतेम बोट जाईल एवढं. माझं तोंड सुजेनं नीट मिटत नव्हतं. आम्हा दोघींना बघून नर्सबाई तोंडावर हात ठेवून हसायच्या. रशीदाबींच्या सुनेनं त्यांच्यासाठी पातळ शोरबा आणला की त्या दातांतल्या दातांत सांगायच्या, त्या अम्मालाबी दे. मी माडगं त्यांना द्यायची. आम्ही फार बोलू शकत नव्हतो, तरी दुपारभर बोलायचो. माझ्या आयुष्यात मी एवढं कमी बोलून एवढी मैत्री कधी केली नव्हती.

त्याच मुक्कामात डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि ह्यांना बाहेर बोलावलं. आत आले तेव्हा ह्यांचे डोळे सांगत होते. हाड पुढं सरकलं होतं. आणखी थोडी वाट बघू, पण जबडा कापायची तयारी ठेवा, म्हणून ऑपरेशनची तारीखही धरून ठेवली होती. मी भिंतीकडं तोंड करून पडले. पाठीमागून रशीदाबींचा आवाज आला. "नक्को रोव अम्मा. अल्ला इत्ता बोलनेवाली का मुँ बंद नै करता."

रडता रडता हसू आलं आणि गाल भयंकर दुखला.

अप्पा आणि वैशाली

पुण्याहून मुलगी आली, वैशाली. ती कंपनीत आहे, तिनं मोबाईलवर सगळं वाचलं होतं. तिनं खाटेशी बसून मला धीर द्यायचा तर ती बापावर घसरली. तुम्ही न विचारता दर वर्षी कसं काय नेत होतात, कागदावर काय लिहिलंय ते एकदा तरी वाचलंत का, हाडांच्या डॉक्टरांवर केस करायला पाहिजे.  हे एवढंच म्हणाले, "मी तिला बरं वाटावं म्हणून नेत हुतो, पोरी." आणि उठून बाहेर गेले. चार दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. डबा एकानं आणायचा आणि दुसऱ्यानं उघडायचा, असं चाललं होतं.

मला बोलता येत असतं तर मी दोघांनाही झापलं असतं. पिशवीतला कापडावर खुणा करायचा खडू काढून मी पाटीवर लिहावं तसं खाटेच्या लोखंडी बाजूवर लिहिलं: खुबा कुणी वाचवला? वैशालीनं ते वाचलं. हाडांचे डॉक्टर स्वतः येऊन भेटून गेले होते तेही तिला तसंच लिहून सांगितलं. ते म्हणाले होते, दात तपासून घ्या असं मी पहिल्या वेळी बोललो होतो, पण तुमच्या लक्षात राहील असं बोललो नाही, तेवढं माझ्याकडून राहिलं. मोठा माणूस असं खाटेशी उभा राहून बोलला, माझा राग तिथंच संपला. वैशालीचा संपायला थोडे दिवस जास्त लागले. पण एका सकाळी डोळे उघडले तर ती बॅटरी धरून उभी होती आणि हे वाकून आत बघत होते, आणि ती विचारत होती, अप्पा, ते हलतंय का?

हलत होतं.

सुटलं

डॉक्टर म्हणाले, हात लावू नका, तारखेला अजून वेळ आहे, बघू. मी घरी आले. गुळण्या, औषध, माडगं, बॅटरी. जिभेला ते टोक रोज थोडं जास्त डुलताना जाणवायचं. लहानपणी दुधाचा दात हलायला लागला की जीभ तिथून हटत नाही, तसं माझं म्हातारपणी झालं.

मग एका सकाळी गुळणी टाकली आणि वाटीत टक्कन आवाज झाला. मी खाली बघितलं. चिंचोक्याच्या अर्ध्याएवढा, पिवळट, खरबरीत तुकडा पडला होता. दुखलं नाही. रक्तही फारसं आलं नाही. मी ह्यांना हाक मारली ती अशी की शेजारची बाई धावत आली.

डबीत घालून दवाखान्यात गेलो. नवा फोटो निघाला. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि मी त्यांच्या कपाळावरची आठी बघत राहिले. शेवटी त्यांनी खुर्ची मागं सरकवली. म्हणाले, मेलेला भाग मुळासकट सुटलाय. खालचं हाड जिवंत आहे, चांगलं आहे. कापायचं नाही. कडा थोड्या गुळगुळीत करून टाके घालतो, बास. त्या दिवशी हे दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखे रडले. मी शेजारी उभी राहून पाठीवर हात फिरवत होते आणि येणारी-जाणारी माणसं समजत होती की आमच्या घरात काहीतरी वाईट झालंय.

टाके भरले. बॅटरी रोज लागत राहिली आणि पांढरं दिसायचं तिथं हळूहळू गुलाबी दिसायला लागलं. हाडांच्या सलाईनचं पुढं काय करायचं ते हाडांचे आणि जबड्याचे डॉक्टर आपसांत बोलून ठरवतायत. सध्या ते थांबवलंय आणि माझ्या हाडांवर लक्ष ठेवलंय. पुन्हा घ्यावं लागलं तर घेईन. आता त्याचं नाव मला पाठ आहे आणि मी ते गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवते.

कला मात्र माझं ऐकून घाबरली होती. तिचीही हाडं ठिसूळ, तिलाही ते सलाईन सांगितलेलं, आणि तिनं परस्पर नको म्हणून टाकलं होतं. "ब्याड अक्का, ब्याड, मला न्हाय पायजे ते," एवढंच फोनवर; दुधनीला राहून तिचं 'नको'सुद्धा कानडी झालंय, 'ब्याड'. मी दुधनीला गेले, तिच्यासमोर तोंड उघडून बसले आणि म्हणाले, बघ, भरलंय. सलाईन वाईट नाही गं, आपण ते लपवलं नाही तरी लपलं, ते वाईट. आधी दात दाखव, काढायचे असतील ते आताच काढ, भरू दे, मग डॉक्टर म्हणतील तेव्हा घे. तिचे दोन किडके दात निघाले, जखमा भरल्या, आणि मग तिनं सलाईन घेतलं. वाचणाऱ्या बायकांनाही माझं सांगणं तेवढंच आहे. वर्षातून एकदा घेतलेलं औषधही चालूच असतं. दातांच्या खुर्चीत बसलात की ते आधी सांगा. आणि घाबरून आपलं आपण बंद करू नका, मोडलेला खुबा फार वाईट.

अस्थी

आता राहिली ती डबी. डॉक्टरांनी तपासायला थोडा कीस घेतला, त्यात कॅन्सर नाही हे पक्कं झालं, आणि उरलेलं हाड मला परत दिलं, हवं तर ठेवा म्हणाले. मी ती डबी दुकानात रिळांच्या कपाटात ठेवली. हौशी गिऱ्हाइकांना दाखवायची.

कला एकदा दुकानात आली आणि तिनं ती डबी बघितली. हातातली साडी खाली ठेवली. म्हणाली, "अक्का, डॉक्टर काय म्हणालं? हाड मेलं म्हणालं का न्हाय? मग हे आता हाड न्हाय. अस्थी हाय."

मी हसले. पण हे हसले नाहीत. खरंच की, जिवंत माणसाच्या अंगात असतं ते हाड आणि मेल्यावर उरते ती अस्थी. अस्थी कपाटात ठेवत नाहीत. कला म्हणाली, पाण्यात सोडायला हवी. हे म्हणाले, जिवंत बाईच्या अस्थी सोडायच्या? अभद्र बोलू नकोस. कला म्हणाली, दाजी, न सोडता घरात ठिवणं लई अभद्र. वैशालीला फोन लावला तर ती म्हणाली, आई, कचऱ्यात टाक. त्यावर मात्र हे आणि कला दोघंही एकदम तिच्यावर ओरडले. माझ्या जबड्यावरून जेवढं भांडण झालं नव्हतं तेवढं त्या तुकड्यावरून झालं, आणि मी मध्ये बसून पिको करत होते. शेवटी मीच म्हणाले, चला, कुडलला जाऊ. भीमा नि सीना जिथं मिळतात तिथं सोडू.

गेलो. ऊन कोवळं होतं, संगमावर पाणी भरपूर होतं. काठावर एक नाववाला बसला होता. त्याचं ते रोजचंच काम. आम्हा तिघांना येताना बघून तो उठला. ह्यांनी लाल फडक्यात बांधलेली डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मला कळलं, की हा माणूस गेले कितीतरी महिने ह्याच गोष्टीला भीत होता, हेच फडकं एकट्यानं हातात घेऊन इथं यायला. मी म्हणाले, द्या इकडं, माझं आहे ते. आणि डबी घेतली.

नाववाल्यानं दुःखाला शोभेल असा आवाज काढला. "कुणाच्या म्हनायच्या, बाई? सासूबाईंच्या का?"

"माझ्या," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, आणि हात पुढं करून मला नावेत घेतलं.